मानवी तस्करीविरोधी कामाला लागताना : कोल्हापूर जिल्ह्यातल्या नव्या कार्यकर्त्यांसाठी

या कामात नव्यानं येणारा माणूस बहुधा पहिल्याच भेटीत छाप्याबद्दल विचारतो. छापा कधी पडतो, आम्हाला सोबत नेतील का? उत्साह समजण्यासारखा आहे. पण छापा हे पोलिसांचं काम आणि ते काही तासांत आटोपतं. माणसं कमी पडतात ती त्याआधीच्या महिन्यांत आणि नंतरच्या वर्षांत. मुलगी चंदगडहून गेली, गोव्यात सापडली, गुन्हा बेळगावात नोंदला, साक्ष आणखी तिसरीकडे. असं प्रकरण एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात जाताना गळतं, आणि त्यासोबत ती मुलगीही. ते गळू न देण्यासाठी गणवेश लागत नाही. समाजकार्याचे विद्यार्थी, आशाताई, शिक्षक, बचत गटातल्या बायका, पोलीस पाटील, ज्यांना हे करायचं आहे त्यांच्यासाठी पुढच्या पायऱ्या.

पहिली पायरी : गुन्हा नेमका कशात आहे ते समजून घ्या

तस्करी म्हटलं की डोळ्यांसमोर रात्री सीमा ओलांडणारा ट्रक येतो. हे चित्र पुसून टाका. सीमा ओलांडली नाही तरी तस्करी होते. हातकणंगल्याची मुलगी इचलकरंजीत डांबली तरी होते. संयुक्त राष्ट्रांच्या २०००च्या पालेर्मो प्रोटोकॉलनं व्याख्येचे तीन भाग केले आहेत: कृती (भरती करणं, नेणं, ठेवून घेणं, ताब्यात देणं), मार्ग (जबरदस्ती, फसवणूक, आमिष, अधिकाराचा गैरवापर) आणि हेतू, म्हणजे शोषण. भारतानं तो २०११ साली मान्य केला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम १४३ याच धर्तीवर आहे. शोषणात लैंगिक शोषण येतं, गुलामी आणि वेठ येते, जबरदस्तीनं अवयव काढणं येतं आणि भीक मागायला लावणंही येतं. शिक्षा किमान ७ वर्षं. बळी अल्पवयीन असेल तर किमान १० वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत.

या कलमातली एक गोष्ट पाठच करा: बळी पडलेल्या व्यक्तीची संमती होती की नव्हती हे गुन्हा ठरवताना गौण आहे. "ती आपल्या पायानं गेली", "त्यानं अंगठा दिला होता" ही वाक्यं तुम्हाला पोलीस ठाण्यात, ग्रामपंचायतीत, मुलीच्या घरीसुद्धा ऐकू येतील. फसवून मिळवलेल्या होकाराला कायदा होकार मानत नाही, हे तुम्हाला शांतपणे सांगता आलं पाहिजे.

याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची. स्वतःच्या मर्जीनं देहविक्रय करणारी सज्ञान बाई ही तस्करीची बळी असतेच असं नाही. १९ मे २०२२ला सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट सांगितलं आहे की अशा स्त्रियांना छाप्यात अटक करू नये, छळू नये. शेजारच्या सांगलीत 'संग्राम' ही संस्था आणि 'वॅम्प' ही देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांची संघटना हे कितीतरी वर्षं सांगत आल्या आहेत. त्यांच्याशी सगळ्याच मुद्द्यांवर आपलं जमेल असं नाही, पण त्यांचं म्हणणं ऐकल्याशिवाय कामाला हात घालू नका. सरसकट सगळ्यांना "सोडवायला" निघालेला कार्यकर्ता त्या गल्लीतला विश्वास एका दिवसात घालवतो, आणि मग आत कोंडलेल्या अल्पवयीन मुलीची खबर बाहेर कुणी देत नाही.

दुसरी पायरी : आपला जिल्हा नव्या नजरेनं पाहा

इथं वेळ घाला. राज्याचा किंवा देशाचा अहवाल वाचून कोल्हापूर कळत नाही.

नकाशा पुढ्यात घ्या. पुणे-बंगळूर महामार्ग कागलजवळ कर्नाटकात शिरतो आणि लगेच कोगनोळी, निपाणी. गडहिंग्लजहून संकेश्वर, चंदगडहून शिनोळीमार्गे बेळगाव, इचलकरंजी-शिरोळकडून बोरगाव आणि सदलगा. आजऱ्यातून आंबोली उतरलं की सावंतवाडी आणि गोवा. एसटी, वडाप, ट्रॅव्हल्स, दुधाच्या गाड्या, सगळं रात्रंदिवस चालू. शहरातल्या छत्रपती शाहू महाराज टर्मिनसवरून थेट अहमदाबाद, तिरुपती, धनबाद गाठता येतं. या वाटांवर कोण येतं-जातं, कुठल्या थांब्यावर पोरं एकटी उतरतात, कुठल्या लॉजवर नाव न विचारता खोली मिळते, हे रिक्षावाले, चहावाले आणि कंडक्टर यांना तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं माहीत असतं. पहिली ओळख त्यांच्याशी करा.

मग ऊस. गळीत हंगामात बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम, म्हणजे टोळी जमवणारा ठेकेदार, उचल (आगाऊ रक्कम) देतो आणि ती फिटेपर्यंत जोडी बांधली जाते. बहुतेक ठिकाणी हा रीतीचा व्यवहार असतो, कष्टाचा असतो. पण उचल फिटली नाही म्हणून हंगाम संपल्यावरही जाऊ न देणं, घरच्या एकाला अडकवून ठेवणं, मोबाइल आणि आधार काढून घेणं, पोरीला मुकादमाच्या घरी कामाला ठेवणं, इथं व्यवहार संपून वेठबिगारी सुरू होते. आपल्याकडे याला अजून एक पदर आहे. ऊस वाहतूकदारांकडून लाखोंची उचल घेऊन मुकादमांनी पोबारा केल्यानं इथले कितीतरी वाहतूकदार कर्जात बुडाले. त्यांची तक्रार खरी आहे. पण त्या रागात कुणी मजुराला उचलून आणून खोलीत कोंडलं, तर तो वसुलीचा मार्ग होत नाही, गुन्हाच होतो. गावात हे बोलायला धाडस लागतं, कारण कोंडणारा बऱ्याचदा आपल्याच भावकीतला असतो. वीटभट्ट्या, यंत्रमाग, चांदीचे कारखाने, हॉटेलं, सगळीकडे हाच प्रश्न विचारा: या माणसाला आज काम सोडून घरी जायचं म्हटलं तर जाता येईल का?

लग्नाचा बाजार ही दुसरी जागा, आणि तिच्याकडे जिल्ह्याचं लक्ष फार कमी आहे. २००१च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे ८३९ मुली होत्या; २०११ला ८६३. तेव्हाची पोरं आता लग्नाची झाली आहेत आणि त्यांच्या जोडीच्या मुली जन्मालाच येऊ दिल्या गेल्या नाहीत. स्थळ मिळत नाही म्हणून एजंटाला लाख-दोन लाख देऊन दूरच्या गरीब जिल्ह्यातून नवरी आणायची, असे प्रकार वाढले आहेत. कधी मुलाकडचे फसतात: नवरी चार दिवसांत दागिने घेऊन जाते. त्याच्या बातम्या होतात. कधी मुलगी विकलेली असते, अल्पवयीन असते, भाषा येत नसते, माहेरचा फोन बंद असतो. त्याच्या बातम्या होत नाहीत. गावात अशी नवरी आली तर आशाताईंनी पहिल्या महिन्यात सहज जाऊन बसावं, एकटीशी बोलावं, वय विचारावं आणि तिला घरी फोन करता येतो का ते पाहावं.

यल्लमाची गोष्टही टाळता येणार नाही. मार्गशीर्षात सौंदत्तीला जाणाऱ्या गाड्या, ओढ्यावरची रेणुका, आंबील, हे कोल्हापूरकरांच्या जिव्हाळ्याचं आहे आणि त्याला कुणी हात लावायचं कारण नाही. मुलीला देवीला सोडण्याविरुद्ध मात्र याच मातीत राजर्षी शाहूंनी १९२०मध्ये जोगतीण-मुरळी प्रथेवर कायदा केला होता. कर्नाटकाचा कायदा १९८२चा, महाराष्ट्राचा २००५चा. गडहिंग्लज-निपाणी भागात देवदासींची मोठी चळवळ झाली. आज उघडपणे मुलगी सोडली जात नाही, पण केसात जट दिसली, घरात सतत आजारपण आलं, की मुलीला देवीला सोडायची कुजबुज सुरू होते. ही कुजबुज अंगणवाडीताईच्या कानावर सर्वांत आधी येते.

आणि शेवटी मोबाइलमधली नोकरी. थायलंडमध्ये 'डेटा एंट्री', पगार लाखाच्या घरात, तिकीट कंपनीचं. प्रत्यक्षात मुलाला थायलंडच्या सीमेवरून म्यानमारमधल्या म्यावाडी भागात नेतात, पासपोर्ट काढून घेतात आणि मारहाण करून ऑनलाइन फसवणूक करायला बसवतात. मार्च २०२५मध्ये भारतानं अशा ५००हून अधिक तरुणांना विमानांनी परत आणलं. डिग्री घेतलेले, इंग्रजी येणारे, शहरातले तरुण यात अडकतात, म्हणून कॉलेजांत हा विषय घ्याच. परदेशी पाठवणारा एजंट सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदणीकृत आहे का, हे पाहायला पाच मिनिटं लागतात. नोंदणीकृत एजंटाला ३०,००० रुपये आणि त्यावरचा कर यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. पर्यटक व्हिसावर नोकरी करता येत नाही, "तिथं गेल्यावर बदलून देतो" असं कुणी कितीही गोड बोललं तरी.

तिसरी पायरी : अभ्यास करा, पण कुणाला उघडं पाडू नका

संशोधन म्हटलं की विद्यार्थी प्रश्नावली घेऊन पीडित महिलांच्या दारात जातात. तसं करू नका. ज्या बाईची आपली कहाणी पोलिसांना, डॉक्टरांना, दंडाधिकाऱ्यांना सांगून झाली आहे, तिला ती तुमच्या प्रबंधासाठी पुन्हा जगायला लावण्याचा हक्क आपल्याला नाही.

सुरुवात कागदांपासून होते. बेपत्ता अल्पवयीन मुलांची तालुकावार संख्या माहितीच्या अधिकारात मागा: किती नोंदली गेली, किती सापडली, किती दिवसांनी, कुठल्या राज्यात. नावं मागू नका, मिळणारही नाहीत. शाळेचे हजेरीपट बघा. सातवी ते दहावीत दिवाळीनंतर कोण परत आलंच नाही? तस्करीच्या खटल्यांचे निकाल न्यायालयांच्या ई-कोर्ट्स संकेतस्थळावर वाचा. मुक्तता का झाली हे वाचण्यासारखं असतं: वयाचा पुरावा नव्हता, पंच उलटले, मुलगी साक्षीला आलीच नाही. या तीन कारणांवरून तुमच्या पुढच्या कामाची यादी तयार होते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे वापराल तर एवढं लक्षात ठेवा: ते नोंदलेल्या गुन्ह्यांचे आकडे असतात. नोंद कमी म्हणजे गुन्हा कमी असं समजून तालुक्याला शाबासकी देऊ नका.

ज्यांनी हे भोगलं त्यांनीच अभ्यास आणि प्रशिक्षण हाती घेतलं तर काय होतं, याचं उदाहरण काठमांडूत आहे. १९९६च्या फेब्रुवारीत मुंबईतल्या कुंटणखान्यांवर मोठे छापे पडले. सुटलेल्या नेपाळी मुलींना परत घ्यायला त्यांचं सरकार खळखळ करत होतं. शेवटी तिथल्या संस्थांनी त्यांना नेलं. त्यातल्या काही मुलींनी 'शक्ती समूह' उभा केला, आणि २०१३ला त्याला रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तुमच्या अभ्यासगटात अशी एखादी ताई असेल तर तिला माहिती देणारी म्हणून बसवू नका. प्रश्न काय विचारायचे ते तिला ठरवू द्या, आणि तिच्या वेळेचं मानधन द्या.

नाव, फोटो, गाव, शाळा, ओळख पटेल असं काहीही कुठेही जाता कामा नये. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवरही नाही. अल्पवयीन मुलांची आणि लैंगिक अत्याचारातल्या पीडितांची ओळख उघड करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे.

चौथी पायरी : शिकून घ्या, मग शिकवा

इग्नूचा मानवी तस्करीविरोधी प्रमाणपत्र अभ्यासक्रम घरून करता येतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण विधी स्वयंसेवक तयार करतं. तिथं नाव द्या. शिवाजी विद्यापीठ किंवा कोल्हापुरातल्या 'सायबर' या शिक्षणसंस्थेत समाजकार्य शिकत असाल तर क्षेत्रकार्यासाठी बाल संरक्षण कक्ष किंवा बालकल्याण समिती मागून घ्या. एक वर्ष त्या बाकावर बसून जे कळतं ते पुस्तकात नाही.

तुम्ही जेव्हा शिकवायला उभे राहाल तेव्हा श्रोत्यांप्रमाणे बोला. एसटीच्या वाहकांना कलमं नकोत. त्यांना हवं असतं ते असं: मुलगी सोबतच्या माणसाचं नाव सांगू शकत नाही, तिकीट कुठलं काढलं तिला माहीत नाही, प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तोच देतो, अशा वेळी गाडी कुठं थांबवायची आणि कुणाला फोन करायचा. लॉजमालकांना ओळखपत्राची जबाबदारी सांगा. ग्रामपंचायतीत बाहेरगावी कामाला जाणाऱ्यांची वही ठेवायला लावा: कुणासोबत, कुठं, कुणाचा नंबर. सरपंचांना हे पटवायला दोन-तीन बैठका जातात, पण पुढं एखादं पोर हरवलं तर तपासाचा पहिला धागा त्या वहीतच सापडतो. भीती घालणारी भाषणं मात्र टाळा. "मुलींनो, बाहेर पडू नका" असं सांगितल्यानं मुलीच घरात कोंडल्या जातात, शाळा सुटते, लवकर लग्न लागतं, आणि दलालाचं फावतं.

पाचवी पायरी : संशय आला त्या तासात

स्वतः दार ठोठावायला जाऊ नका. दलालाशी बोलू नका, ग्राहक बनून खात्री करू नका, लपून चित्रीकरण करू नका. त्यानं आतली मुलं रातोरात हलवली जातात आणि पुरावाही जातो. जे पाहिलं-ऐकलं ते तारीख-वेळेसह लिहा आणि ११२वर कळवा. अल्पवयीन असेल तर १०९८, महिला असेल तर १८१, रेल्वेत १३९, ऑनलाइन फसवणूक असेल तर १९३०. जिल्हा पोलीस दलात अनैतिक मानवी वाहतूक प्रतिबंध कक्ष (म्हणजे तस्करीविरोधी कक्ष) आहे; तिथल्या अधिकाऱ्याला गरज पडण्याआधीच एकदा भेटून या.

मूल हरवलं असेल तर "दोन दिवस वाट बघू" हे ऐकून घेऊ नका. सर्वोच्च न्यायालयानं २०१३ साली सांगितलं आहे की हरवलेल्या मुलाची तक्रार थेट गुन्हा म्हणून नोंदवायची आणि अपहरण किंवा तस्करी झाली असं धरूनच तपास सुरू करायचा. हद्दीचं कारण सांगितलं तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ दाखवा: गुन्हा कुठंही घडलेला असो, झिरो एफआयआर नोंदवावीच लागते आणि तिची प्रत विनामूल्य मिळते. तरीही टाळाटाळ झाली तर पोलीस अधीक्षकांना लेखी, पोच घेऊन. भांडण न करता. त्याच ठाण्यात तुम्हाला उद्याही जायचं आहे.

सज्ञान स्त्री बेपत्ता असेल तर गोष्ट अवघड होते, कारण "पळून गेली असेल" म्हणून नुसती नोंद करून ठेवतात. अशा वेळी फसवणुकीचा एखादा धागा, नोकरीचं आमिष, अनोळखी नंबर, खात्यात आलेले पैसे, तक्रारीत लिहून द्या.

सुटका झालेल्या मुलाला २४ तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे हजर करावं लागतं. वयाचा पुरावा, म्हणजे शाळेचा दाखला किंवा जन्मनोंद, त्याच दिवशी शोधायला लागा. वेठबिगारीतून सुटलेल्यांसाठी प्रांताधिकाऱ्यांकडून मुक्ती प्रमाणपत्र मागा. १९७६च्या कायद्याखाली मिळणाऱ्या या कागदाशिवाय पुनर्वसनाची रक्कम मिळत नाही. केंद्राच्या योजनेत तातडीची मदत ३०,००० रुपयांपर्यंत आहे आणि ती खटला संपेपर्यंत अडत नाही. मजूर त्याच रात्री गावी निघून जातात आणि प्रमाणपत्र राहून जातं, हे फार वेळा होतं. गाडीत बसवण्याआधी कागद हातात पडेल असं पाहा.

सहावी पायरी : सीमेपलीकडे तुमचा एक माणूस हवा

बेळगाव, चिकोडी, निपाणी, पणजी, वास्को. प्रत्येक ठिकाणी एक बालकल्याण समितीतली व्यक्ती, एक संस्था, एक वकील, असे नंबर तुमच्या वहीत असू द्यात. बेळगाव जिल्ह्यात माजी देवदासींनीच चालवलेली 'मास' ही संस्था आहे, गोव्यात 'अर्ज' नावाची संस्था आहे. कन्नड बोलणारा एक कार्यकर्ता सोबत ठेवाच. मुलीचा जबाब तिच्या भाषेत झाला नाही तर पुढं बचावाचा वकील त्याच फटीत बोट घालतो.

मूल दुसऱ्या राज्यातलं असेल तर इथली समिती तिथल्या समितीकडे पाठवणी करते, पण आधी घरचौकशी होते. ही चौकशी नुसत्या फोनवर उरकू देऊ नका. ज्या काकानं विकलं त्याच्याच घरी मूल परत गेल्याची उदाहरणं या क्षेत्रात नवीन नाहीत. घर सुरक्षित आहे का, शाळेत नाव घातलं जाईल का, गाव काय म्हणेल, हे तिथल्या संस्थेकडून लेखी मागवा.

देशाबाहेरच्या व्यक्तीचं प्रकरण लांबतं. बांगलादेशातून आणलेली मुलगी सापडली तर तिनं सांगितलेल्या पत्त्यावर तिकडे चौकशी होते, नागरिकत्वाची खात्री होते, प्रवासाचा परवाना येतो, मग बहुधा पेट्रापोल-बेनापोल सीमेवर तिला सोपवलं जातं. या दोन देशांत तस्करी रोखण्याचा करार २०१५ साली झाला, तरी कागद फिरायला महिने लागतात, कधी त्याहून जास्त. एक गोष्ट सुरुवातीलाच तपास अधिकाऱ्यांच्या लक्षात आणून द्या: केंद्रीय गृह मंत्रालयाच्या १ मे २०१२च्या सूचनेनुसार, चौकशीत बळी ठरलेल्या परदेशी स्त्रीवर किंवा मुलावर बेकायदा प्रवेशाचा खटला चालवू नये. हे वेळेत झालं नाही तर सुटका झालेली मुलगी आरोपी बनून तुरुंगात बसते. आपला तरुण परदेशात अडकला असेल तर परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर तक्रार, त्या देशातल्या भारतीय दूतावासाला ईमेल आणि इथं एजंटावर गुन्हा, ही तिन्ही कामं एकाच दिवशी करा.

सातवी पायरी : खटल्याच्या तारखेपर्यंत सोबत राहा

दोन-तीन वर्षांनी समन्स येतं. तोवर मुलगी कुठंतरी दुसऱ्या गावी असते, कदाचित लग्न झालेलं असतं, सासरी काहीच माहीत नसतं. तिच्या घरी पोलिसाची गाडी जाऊन उभी राहू नये यासाठी तपास अधिकाऱ्यांना आणि सरकारी वकिलांना आधीच भेटा, समन्स कुठं नि कसं बजावायचं ते ठरवून घ्या. दुसऱ्या राज्यात असलेल्या अल्पवयीन पीडितांची साक्ष व्हिडिओद्वारे, त्यांच्या जवळच्या न्यायालयातून किंवा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयातून घेता येते. सर्वोच्च न्यायालयानं २०२२मध्ये तशी कार्यपद्धती घालून दिली आहे. त्यासाठीचा अर्ज सरकारी वकिलांकडून तारखेच्या पुरेसा आधी द्यायला लावा. भरपाईचा अर्ज निकालाची वाट न बघता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करा. मोफत वकिलासाठीचा त्यांचा क्रमांक १५१००.

अपिलासाठी आता मुंबई गाठावी लागत नाही. ऑगस्ट २०२५पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात बसतं. आरोपीच्या जामिनाचा अर्जही तिथंच येतो, म्हणून त्या तारखांवर लक्ष ठेवा. जामीन झाला तर त्याच संध्याकाळी मुलीला, तिच्या आईला आणि सीमेपलीकडच्या तुमच्या त्या माणसाला कळवा, आणि तिच्या जीवाला धोका वाटत असेल तर साक्षीदार संरक्षणाचा अर्ज दुसऱ्या दिवशी सकाळी जिल्हा न्यायालयात द्या.